लघवीची पिशवी कोण रिकामी करतो?

सरकारी दवाखान्यातून पेशंट सुटतो तेव्हा डिस्चार्ज कार्डाच्या तळाशी एक ओळ असते : 'फोलीज इन सीटू. चेंज आफ्टर थ्री वीक्स.' घरचे लोक ते कार्ड घडी घालून औषधांच्या पिशवीत ठेवतात आणि गावी पोचल्यावर घरातल्या शिकलेल्या माणसापुढे धरतात. तो बी.कॉम. असेल, इतिहासात एम.ए. असेल, पॉलिटेक्निक झालेला असेल. घरातला पहिलाच पदवीधर, म्हणून विजेचे बिल, सातबारा, कोर्टाची नोटीस आणि डॉक्टरचे अक्षर, सगळे त्यानेच वाचायचे. त्या ओळीचा अर्थ एवढाच की लघवीची नळी आत ठेवली आहे, तीन आठवड्यांनी बदला. मधल्या तीन आठवड्यांत त्या नळीचे काय करायचे, ती तुंबली तर काय, ताप आला तर काय, हे कार्डावर कुठेच नसते.

हे न सांगणे म्हणजे विसरभोळेपणा आहे असे मला वाटत नाही. लघवी-संडास काढणे ही शिकायची गोष्ट आहे असे आपल्या समाजाला कधी वाटलेच नाही. ते कुणाच्या तरी वाट्याला आलेले काम. वॉर्डात नळी डॉक्टर किंवा सिस्टर घालतात, लघवी किती झाली ते सिस्टर चार्टवर लिहितात, आणि पिशवी मामा किंवा मावशी रिकामी करतात. हे मामा-मावशी बहुतेक ठिकाणी कंत्राटी आणि बहुतेक ठिकाणी कोणत्या वस्तीतून आलेले असतात हे या स्तंभाच्या वाचकाला सांगायची गरज नाही. पिशवीशी ज्यांचा हात रोज लागतो त्यांना कुणी प्रशिक्षण देत नाही, आणि ज्यांना प्रशिक्षण आहे त्यांचा पिशवीला हात लागत नाही. मग सुट्टीच्या दिवशी घरच्यांना शिकवायचे कुणी? डॉक्टरला वाटते सिस्टर सांगेल. सिस्टरकडे चाळीस खाटा असतात. शेवटी मावशीच जाता जाता दोन शब्द सांगते, तिच्या अनुभवातले, बरोबर-चूक जे असेल ते. बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलना'त श्रमांची विभागणी आणि श्रमिकांची विभागणी यांतला फरक दाखवला. तो बघायला वेगळे कुठे जायला नको, कुठल्याही जनरल वॉर्डात सकाळी सातला उभे राहावे.

आता ही नळी घरी घेऊन कोण येतो ते बघा. परांचीवरून पडून पाठीचा कणा मोडलेला बिगारी. विहिरीच्या कामावर, झाडावरून, ट्रॅक्टरवरून पडलेला शेतमजूर. लकवा मारलेली आजी. प्रोस्टेट वाढून लघवी अडलेले आणि ऑपरेशनच्या तारखेची वाट बघणारे आबा. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर उशिरा कळलेली बाई. ही माणसे आपल्याच घरांतली आहेत. आमच्या घरी वडिलांच्या बाजेला ही पिशवी साडेतीन वर्षे होती, त्यामुळे पुढे लिहितो ते वाचूनही शिकलो आहे आणि हातानेही. जाणकार म्हणेल यात नवे काय. नवे काहीच नाही, म्हणून तर राग येतो. हे सगळे जुने, साधे, कुठल्याही नर्सिंगच्या पुस्तकात असलेले ज्ञान आहे आणि तरी ते आपल्या दारापर्यंत येत नाही.

फोली हे अमेरिकन मूत्ररोगतज्ज्ञाचे नाव, त्याच्यावरून ही नळी फोलीची. तिच्या टोकाला छोटा फुगा असतो. नळी मूत्राशयात गेली की दुसऱ्या तोंडातून सिरिंजने निर्जंतुक पाणी भरून तो फुगवतात, त्यामुळे ती आत अडकून राहते. फुग्यात किती मिलिलिटर पाणी मावते आणि नळी किती जाडीची, हे त्या तोंडावरच छापलेले असते. चौदा किंवा सोळा नंबरची नळी मोठ्या माणसाला सहसा पुरते. साधी रबरी नळी दोन ते चार आठवड्यांत बदलावी लागते, पूर्ण सिलिकॉनची बारा आठवड्यांपर्यंत चालते. सिलिकॉनची महाग असते, पण दर तीन आठवड्यांनी तालुक्याला जायचे रिक्षाचे भाडे, बरोबरच्या माणसाची बुडालेली हजेरी आणि पेशंटचे हाल मोजले तर दर वेळी ती महागच पडते असे नाही. हा हिशेब डॉक्टर मांडून दाखवत नाही. आपणच विचारायचे : 'ही रबराची आहे की सिलिकॉनची, किती नंबरची, फुग्यात किती पाणी भरले?' उत्तर तारखेसह कागदावर मराठीत लिहून भिंतीला चिकटवावे. रात्री दोन वाजता कुणाला फोन करायची वेळ आली तर पहिले हेच विचारले जाते.

रोजचे काम अवघड नाही, फक्त रोजचे आहे. पिशवी कायम मूत्राशयाच्या पातळीखाली हवी आणि जमिनीला टेकता कामा नये. आपल्याकडे पेशंट बऱ्याचदा खाली अंथरुणावरच असतो, तेव्हा हे जमवणे कठीण. बाज मिळाली तर उत्तम, नाहीतर अंथरुणाखाली आणखी दोन गाद्या घालून उंची वाढवावी आणि पिशवी स्वच्छ टबात ठेवावी. पेशंटला उचलताना पिशवी त्याच्या पोटावर ठेवायची सवय सगळ्यांनाच असते. त्याने नळीतली लघवी उलटी आत जाते. उचलायच्या आधी पिशवी रिकामी करावी. दोनतृतीयांश भरली की रिकामी करायचीच, आधी आणि नंतर साबणाने हात धुऊन, त्यासाठीच ठेवलेल्या वेगळ्या भांड्यात, आणि खालची तोटी भांड्याला लागू न देता. नळी आणि पिशवी जिथे जोडलेली असते तो जोड उगाच उघडायचा नाही, जंतू तिथूनच शिरतात. नळी मांडीला चिकटपट्टीने किंवा पट्ट्याने बांधावी. मोकळी सोडली तर पिशवीचे वजन नळी ओढत राहते आणि महिनोन्‌महिन्यांच्या ओढीने पुरुषाच्या लघवीच्या मार्गाला खालून चीर जाते. ती नुसत्या मलमाने जुळून येत नाही.

आणि जिथून नळी आत जाते ती जागा रोज साध्या साबण-पाण्याने धुवायची. डेटॉल नको, स्पिरिट नको. पुरुषाची कातडी मागे सारून धुवावी आणि धुऊन झाल्यावर पुन्हा पुढे आणावी. ती मागेच राहिली तर काही तासांत सूज येऊन अडकते आणि पळापळ होते. हे वाक्य मला कुठल्याही दवाखान्यात कुणी सांगितले नाही. कारण ऐकायला समोर सून किंवा मुलगी उभी असते, सांगणारा लाजतो, ऐकणारी खाली बघते. लाजेपायी माणसाला इजा होते, हा काही शोभेचा संस्कार नाही.

पैसा सगळ्यात जास्त वाया जातो तो अँटिबायोटिकवर. नळी महिनाभर आत राहिली की जवळजवळ प्रत्येकाच्या लघवीत जंतू सापडतातच. ते तिथे वस्ती करून असतात. लघवी गढूळ दिसली, वास आला, की आपण घाबरतो. गल्लीतला डॉक्टर लघवी तपासायला सांगतो, रिपोर्टमध्ये जंतू येतात आणि पाच दिवसांची इंजेक्शने सुरू होतात. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. पेशंटला ताप नाही, थंडी वाजत नाही, कमरेत किंवा ओटीपोटात दुखत नाही, जेवतोय-बोलतोय नेहमीसारखा, तर नुसत्या रिपोर्टवरून अँटिबायोटिक द्यायचे नाही, असे जगभरच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. गर्भवती बाई किंवा लघवीच्या मार्गावरचे काही ऑपरेशन व्हायचे असेल तर गोष्ट निराळी. विनाकारण दिलेल्या प्रत्येक कोर्समागे जंतू चिवट होतात, आणि खरोखर ताप भरतो त्या दिवशी स्वस्तातले औषध लागू पडत नाही, महागड्या इंजेक्शनांची चिठ्ठी येते. ते कर्ज मग सावकाराकडून किंवा बचत गटातून.

ताप, हुडहुडी, कमरेच्या बाजूला दुखणे, एकाएकी भ्रमिष्टासारखे बोलणे किंवा सारखी गुंगी, यांतले काही दिसले तर मात्र थांबू नये. तेव्हा नळी दोन आठवड्यांपेक्षा जुनी असेल तर ती बदलून नव्या नळीतून कल्चरसाठी लघवी घ्यायची असते. पिशवीतली लघवी कधीच तपासायला द्यायची नाही. ती तासन्‌तास तुंबलेली असते, तिच्यात जंतू सापडणारच. लॅबवाला 'चालेल' म्हणाला तरी नाही द्यायची.

तुंबणे हा दुसरा मोठा त्रास. काही जंतू लघवीतला युरिया फोडतात, लघवी क्षारीय होते आणि नळीच्या आत चुन्यासारखा थर बसत जातो. ज्याची नळी वारंवार तुंबते त्याने किती दिवसांनी तुंबली ते लिहून ठेवावे आणि पुढची नळी त्याआधीच बदलून घ्यावी. ठरलेल्या तारखेची वाट बघत बसू नये. पिशवीत लघवी येत नसेल तर आधी नळी कुठे दुमडली आहे का, पेशंट तिच्यावर झोपला आहे का, पिशवी वर राहिली आहे का ते बघावे. संडास तुंबलेला असला तरी नळीवर दाब येतो, नळीच्या बाजूने लघवी गळते. अशा वेळी 'जाड नळी घालून द्या' म्हणायची पद्धत आहे. गळती बहुतेक वेळा मूत्राशय आखडल्यामुळे, बद्धकोष्ठामुळे किंवा नळी तुंबल्यामुळे असते, जाड नळीने ती वाढूही शकते. पाणी भरपूर द्यावे, हृदयाच्या किंवा किडनीच्या आजारामुळे डॉक्टरने पाणी मोजून दिले नसेल तर. वारंवार लघवी नको म्हणून पेशंटला पाणी कमी देणे हे नळी असताना तर अगदीच उलटे काम.

हे सगळे पाहूनही लघवी येत नसेल आणि ओटीपोट टणक झाले असेल, तर सकाळपर्यंत थांबायचे नाही. पाठीचा कणा मोडलेल्या माणसात तर एक धोका असा आहे की तो घरातल्या प्रत्येकाला माहीत असलाच पाहिजे. इजा छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्याहून वर असेल, तर मूत्राशय तुंबल्यावर त्याला खाली काहीच जाणवत नाही, पण रक्तदाब एकदम चढतो. डोके ठणकते, चेहरा लाल होतो, घाम फुटतो. घरचे म्हणतात पित्त झाले, ऊन लागले. अशा वेळी त्याला बसते करावे, कपडे सैल करावे, नळी सरळ करावी आणि लघवी मोकळी झाली नाही तर तडक दवाखाना गाठावा. हा रक्तदाब मेंदूत रक्तस्राव करू शकतो. गावातल्या दवाखान्यात ही गोष्ट तुम्हालाच डॉक्टरला सांगावी लागेल अशीही शक्यता आहे, तेव्हा संकोच नको.

कधी पिशवी जांभळी होते. विशेषतः बद्धकोष्ठ असलेल्या, अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या बायकांमध्ये. आतड्यातले जंतू अन्नातल्या एका घटकाचे रूपांतर करतात, यकृतातून ते लघवीत येते आणि लघवीतले जंतू त्याचे निळे आणि लाल रंगद्रव्य बनवतात. निळे म्हणजे रंगाऱ्याची नीळच. दिसायला भयंकर, बहुधा निरुपद्रवी. नळी-पिशवी बदलावी, पोट साफ होईल असे बघावे, ताप नाही ना ते बघावे. करणी नाही, भानामती नाही. गावात कुणी अंगारा घेऊन आला तर त्याला चहा पाजून परत पाठवावे.

हे सगळे करणार कोण, हा खरा प्रश्न. आपण पहिल्या पिढीतले पदवीधर सुरतेला, हैदराबादला, बेंगळुरूला, पुण्याला असतो. पैसे पाठवतो, व्हिडिओ कॉलवर पिशवी बघतो, सूचना देतो. हात लागतो तो आईचा, वहिनीचा, शाळा सोडलेल्या बहिणीचा. घरी राहणारा भाऊसुद्धा बाजेपासून चार हात लांब उभा राहून 'झाली का पिशवी?' विचारतो. ऐपत आली की आपण ब्युरोतून बाई ठेवतो. ती बारा तास उभी असते, तिचे पैसे ब्युरोवाला कापून घेतो, तिला ना कुणी शिकवलेले असते ना तिच्यासाठी घरात हातमोजे आणलेले असतात. ती जेवायला कुठे बसते, तिचा चहाचा कप वेगळा आहे का, हे आपल्या घरात शिरून पाहिले तर काय दिसेल? ज्यांच्या आजोबांना गावाने घाण उपसायला लावली त्यांच्या नातवांनी पगार आल्यावर तेच काम खालच्या पायरीवर ढकलून द्यावे, हे मला बघवत नाही. बापाला मुलाने धुवावे. सून धुते त्यात सुनेला आणि सासऱ्याला दोघांनाही मेल्याहून मेल्यासारखे होते, हे कुणी उघड बोलत नाही इतकेच. सुट्टीवर गेल्यावर पहिल्या दिवशी हे शिकता येते, अर्धा तास लागतो.

सावित्रीबाईंनी १८९७ च्या प्लेगमध्ये मुंढव्याच्या महारवाड्यातला आजारी पोरगा पाठीवर घेऊन यशवंतरावांच्या दवाखान्यात आणला, त्यातच त्या गेल्या. आपण १० मार्चला त्यांच्या फोटोला हार घालतो. त्यांची शाळा आपण घेतली, आजाऱ्याच्या अंगाला लागलेला त्यांचा हात मात्र फोटोतच राहू दिला.

पण सगळे घरावर सोडून सरकारला मोकळे सोडायचे असेही नाही. आधी दवाखान्यातच विचारावे की नळी अजून लागतेच का. पुष्कळदा ती भरतीच्या वेळी घातलेली असते आणि काढायची कुणाला आठवण राहत नाही, किंवा कपडे-चादरी ओल्या होऊ नयेत म्हणून ठेवलेली असते. प्रोस्टेटच्या पेशंटला औषध सुरू करून काही दिवसांनी नळी काढून बघता येते. कणा मोडलेल्याचे हात चालत असतील तर दिवसातून चार-सहा वेळा स्वतःच स्वच्छ नळी घालून लघवी काढायची पद्धत आहे. अमेरिकेत लॅपिडीस आणि सहकाऱ्यांनी ती १९७२ मध्ये मांडली आणि कायम नळी ठेवण्यापेक्षा ती बरी मानली जाते. आपल्या पेशंटला हा पर्याय सांगितला जात नाही, कारण 'यांना काय जमणार' हे आधीच ठरलेले असते. बिगारी माणूस ओळंबा लावून भिंत सरळ उचलतो, त्याला ही नळी का जमू नये?

केरळमध्ये २००८ साली सरकारने पॅलिएटिव्ह केअरचे धोरण आणले. तिथे पंचायतीच्या खर्चाने नर्स घरोघर जाते, आणि नळी बदलणे, जखमा बघणे हेच तिच्या रोजच्या कामातले मोठे काम असते. केरळात जात नाही असे मी म्हणणार नाही. पण बाजेवरचा माणूस दर महिन्याला जीपमध्ये घालून नेण्यापेक्षा नर्सने त्याच्याकडे जावे, एवढी साधी गोष्ट तिथे ठरवता आली. आपल्याकडच्या विमा योजना भरती झालेल्याचा खर्च बघतात. घरी आल्यावर महिनोन्‌महिने लागणाऱ्या नळ्या, पिशव्या, हातमोजे यांचे काय? उपकेंद्राला आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात, त्याच्या सेवांच्या यादीत वृद्धांची आणि पॅलिएटिव्ह काळजी लिहिलेली आहे. तिथे समुदाय आरोग्य अधिकारी असतो. दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात जास्त आधार लागणाऱ्यांसाठी काळजीवाहक भत्त्याची तरतूद आहे. पाठीचा कणा मोडलेला माणूस त्या कायद्याच्या कक्षेत येतो, त्याचे दिव्यांग प्रमाणपत्र आधी काढून घ्यावे.

शिष्यवृत्तीचे, वसतिगृहाचे, जात पडताळणीचे अर्ज लिहून लिहून आपला हात तयार झालेला आहे. तसाच एक अर्ज प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याच्या नावाने लिहावा : आमच्या गावात लघवीची नळी असलेले इतके पेशंट आहेत, नर्सने घरी येऊन नळी बदलावी, नळ्या आणि पिशव्या केंद्रात ठेवाव्यात, घरच्यांना आणि आशाताईंना एकदा दाखवून द्यावे, आणि डिस्चार्जचा कागद मराठीत मिळावा. एक प्रत ग्रामपंचायतीला, एक जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याला. आधी गावात फिरून असे पेशंट किती आहेत ते मोजावे. बहुतेक घरांत ते आतल्या खोलीत असतात, विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. अर्जाची पोच घ्यावी आणि जपून ठेवावी.